ऑब्सिडियनला आरशासारखी चकाकी आणताना

प्रश्न ठाण्याच्या एका वाचक भगिनींचा आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने सुमारे चार किलो ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच, त्यांना आणून दिली. तुकड्यांत काही निव्वळ काळे, काही तपकिरी पट्ट्यांचे आणि काही सोनेरी झाक असलेले आहेत. गोदावरीच्या पात्रात वेचलेल्या अकिकांसोबत त्यांनी हे तुकडे दीड किलोच्या फिरत्या टंबलरमध्ये, म्हणजे दगड गुळगुळीत करणाऱ्या फिरत्या पिंपात, पाच आठवडे फिरवले आणि शेवटी सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूडही वापरली, तरी सगळे तुकडे दुधी काचेसारखे निस्तेज निघाले. पुढे त्यांनी हिऱ्याचे कण बसवलेल्या २० सेंटिमीटरच्या तबकड्यांवर एक काळा तुकडा घासून पाहिला. त्यावर चमक आली, पण उजेडात धरला की नखाच्या चंद्रकोरीएवढ्या बारीक खुणा दिसतात. एक सोनेरी तुकडा तर घासताना धरायच्या काठीला मेणाने चिकटवतानाच तडकला. आता कोणती पॉलिशची पूड घ्यावी, आणि असा दगड सह्याद्रीत सापडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

नवी पूड घेऊ नये, हे मी सर्वांत आधी सांगतो. आपल्याकडचे सेरियम ऑक्साइड या कामाला पुरेसे आहे आणि त्याहून महाग पूड आणली तरी आज आपल्या हातात असलेले तुकडे चकाकणार नाहीत. ऑब्सिडियनची चकाकी दिसते शेवटच्या टप्प्यात, पण ती बिघडते पहिल्या दोन टप्प्यांत, आणि तिथे झालेली इजा पॉलिशने भरून निघत नाही. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. आपण या तुकड्यांना अकिकासारखे वागवले, आणि ऑब्सिडियन सर्वार्थाने काच आहे.

हे मलाही उशिराच समजले. पुण्यात असताना मी हौशी मंडळींच्या कार्यशाळेत दुर्बिणीचा १५ सेंटिमीटर व्यासाचा आरसा घासायला शिकलो होतो. त्यानंतर ऑरेगॉनला आलो, दगड घासण्याचा नाद लागला आणि सुरुवात अर्थातच अकीक व जास्परपासून झाली. अकीक दणकट असतो. त्याला दाबून घासले, पिंपात आपटले, नवीन खरखरीत चाकावर धरले तरी तो ते सोसतो. त्याच सवयींनी मी ऑब्सिडियन हाताळू लागलो आणि जवळजवळ वर्षभर एकही तुकडा मनासारखा झाला नाही. एका हिवाळ्यात सामान लावताना तो जुना आरसा हाती आला. त्या काचेला डाग नाही, ओरखडा नाही, आणि ती तर मी साध्या कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) पुडीने हाताने घासलेली होती. त्या दिवसापासून मी ऑब्सिडियनसाठी दगडकामाच्या पद्धती बाजूला ठेवल्या आणि आरसा घासण्याची शिस्त परत आणली. पुढे जे लिहीत आहे ते त्या शिस्तीतून आलेले आहे.

सिलिकेचे, म्हणजे वाळूतील मुख्य घटकाचे, प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असलेला लाव्हा अतिशय चिकट असतो. तो पृष्ठभागाजवळ येऊन झपाट्याने थंड झाला, की त्यातील अणूंना स्फटिकांच्या रचनेत बसायला सवड मिळत नाही आणि सगळा रस काचेच्या रूपात गोठतो. म्हणून ऑब्सिडियनमध्ये कण नाहीत, तंतू नाहीत, ठरावीक दिशेला फुटण्याची पातळी नाही. अकीक हा परस्परांत गुंतलेल्या सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो, त्यामुळे त्यात सुरू झालेली चीर तंतूंत अडकून थांबते. काचेत तिला अडवणारे काही नसते. घाव बसला की शंखाच्या आतल्या वळणांसारखी गोल चीर आत शिरते आणि जोर संपेपर्यंत जात राहते. याच गुणामुळे माणसाने हजारो वर्षे या काचेची पाती आणि बाणांची टोके घडवली, आणि याच गुणामुळे आपले तुकडे दुधी झाले. मोहज्‌च्या मापावर ऑब्सिडियनची कठिणता ५ ते ५.५ आहे, अकिकाची ६.५ ते ७. पिंपात दोन्ही एकत्र फिरवणे म्हणजे काचेवर पाच आठवडे अखंड हातोडी चालवणे होय.

दुधी दिसण्यामागे रंग किंवा मळ नसतो. प्रत्येक आघाताखाली एक बारीक, डोळ्यांना एकटी न दिसणारी चीर तयार होते, आणि अशा लाखो चिरांवरून उजेड चहूकडे विखुरला गेला की काळा दगडही पांढुरका दिसू लागतो. काठांवर आणि टोकांवर हे सर्वाधिक होते, कारण पिंपात तेच भाग आधी आपटतात. आपल्या तबकडीवरील चंद्रकोरी हेच दुखणे आहे, फक्त तिथे आघात करणारा दुसरा दगड नसून तबकडीवर पक्का बसवलेला हिऱ्याचा एखादा उंच कण आहे.

भिंगे घासणाऱ्यांचा एक ठोकताळा मी प्रत्येक नव्या शिकाऊ माणसाला सांगतो. घासणीच्या प्रत्येक नव्या टप्प्याने आधीच्या टप्प्यातील कणाच्या व्यासाच्या निदान तिप्पट जाडीचा थर काढला पाहिजे. पुडीचा क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक; २२० क्रमांकाच्या पुडीचा कण ढोबळमानाने ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. म्हणजे त्यानंतरच्या ४०० क्रमांकाने सुमारे १८० मायक्रॉन, वहीच्या साधारण दोन पानांएवढी जाडी, काढायला हवी. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसू लागला म्हणून आपण त्याच्या कितीतरी आधी थांबतो, आणि वरच्या खुणा गेल्या तरी त्यांच्याखालच्या चिरा तशाच राहतात. पॉलिशने निघतात ते जेमतेम काही मायक्रॉन. म्हणजे सेरियम आपले काम चोख करते, वरचा थर आरशासारखा होतो आणि त्या स्वच्छ काचेतून खालच्या चिरा अधिकच उठून दिसतात. पॉलिश केल्यावर खुणा ‘आल्या’ असे अनेकांना वाटते, ते यामुळेच; त्या आधीपासून तिथेच होत्या.

आता टंबलरविषयी. ऑब्सिडियनबरोबर ऑब्सिडियनच फिरवावे. अकीक, जास्पर, गारगोटी यांपैकी काहीही मिसळू नये. पिंप अर्धे भरून फिरवणे ही अकिकालासुद्धा फारशी चांगली नसलेली सवय इथे घातक ठरते. पिंप तीन चतुर्थांशापेक्षा थोडे अधिकच भरावे, म्हणजे तुकडे वरून खाली कोसळत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. आपले मोठे तुकडे एकूण भरावाच्या निम्म्याइतकेच असू द्यावेत आणि उरलेली जागा लहान, गुळगुळीत सिरॅमिकच्या गोळ्यांनी भरावी. त्या तुकड्यांच्या मधल्या फटींत बसून आघात वाटून घेतात. पाणी कमी ठेवावे. पूड आणि पाण्याचे मिश्रण सरसरीत पिठल्याइतके दाट झाले की ते गादीसारखे काम करते. काहीजण ते दाट करण्यासाठी साखर घालतात आणि तिचा उपयोगही होतो, मात्र आपल्याकडच्या उकाड्यात ते आंबून बंद पिंपात वायू साठू शकतो, म्हणून साखर घातल्यास पिंप रोज उघडावे. फेरे शक्य तितके सावकाश असावेत.

काच लवकर झिजते, त्यामुळे ६०/९० ची जाड पूड फक्त फार ओबडधोबड तुकड्यांसाठी ठेवावी. हातातले तुकडे आधीच गोलसर झालेले असल्याने १२०/२२० पासून आरंभ करावा आणि दिवस मोजण्याऐवजी तुकडा पाहून निर्णय घ्यावा. एक तुकडा धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात १० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली त्याचे काठ तपासावेत. काठ मधल्या भागापेक्षा पांढरा दिसत असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. ओला दगड नेहमी फसवतो, कारण पाणी चिरांत शिरून त्या लपवते. त्यानंतर ५००, मग १००० च्या आसपासची ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड आणि शेवटी सेरियम, हा क्रम ठेवावा. दर दोन टप्प्यांच्या मध्ये पिंप, झाकण, गोळ्या आणि तुकड्यांवरची प्रत्येक खळगी ब्रशने धुवावी, आणि एखाद्या तुकड्याला खोल खड्डा किंवा नवी कपची निघालेली असेल तर तो निष्ठुरपणे बाहेर काढावा. एका खळगीत अडकलेले जाड पुडीचे चार कण पुढच्या टप्प्यात सगळ्या भरावावर ओरखडे काढतात. हे सर्व करूनही फिरत्या पिंपात ऑब्सिडियन पूर्ण निर्दोष निघणे कठीणच असते. कंप पावणारा टंबलर या कामाला फार चांगला, कारण त्यात दगड पडत नाहीत, नुसते थरथरत एकमेकांवर घासले जातात. तरीही आपल्या हौसेसाठी लगेच दुसरे यंत्र घ्या असे मी म्हणणार नाही. तेवढे पैसे न खर्चता, हाताने, याहून सुंदर तुकडा होतो.

ती पद्धत अशी. खिडकीची ८ ते १० मिलिमीटर जाडीची सपाट काच काचवाल्याकडून साधारण ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीची कापून घ्यावी आणि तिचे काठ त्याच्याकडूनच बोथट करून घ्यावेत. ओल्या टॉवेलवर ती ठेवली की सरकत नाही. तिच्यावर चमचाभर पाणी आणि पाव चमचा २२० क्रमांकाची सुटी कार्बोरंडमची पूड टाकून तुकड्याचा सपाट चेहरा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा आणि दर मिनिटाला तुकडा हातात थोडा वळवून धरावा. हाताच्या वजनापेक्षा जास्त दाब देऊ नये. पक्क्या बसवलेल्या हिऱ्याच्या कणापेक्षा हे सुटे कण वेगळे वागतात. ते दोन काचांच्या मध्ये गडगडत जातात, लांब ओरखडा न काढता एकसारखे बारीक खळगे पाडतात, आणि त्यांच्याखालच्या चिरा उथळ व एकाच खोलीच्या राहतात. एकाच खोलीची इजा पुढचा टप्पा सहज काढून टाकतो. सगळ्या पृष्ठभागाचे दुखणे एकसारखे असणे, हेच या पद्धतीचे बलस्थान आहे.

चेहरा सपाट होऊन एकसारखा करडा झाल्यावर आणखी दहा मिनिटे घासावे. मग पेन्सिलीने त्यावर चौकटीच्या रेघा ओढाव्यात, काच स्वच्छ धुवावी किंवा दुसरी घ्यावी आणि ४०० ची पूड टाकावी. पेन्सिलीच्या रेघा पुसल्या गेल्या की पुन्हा ओढाव्यात, पुन्हा पुसू द्याव्यात. असे निदान तीन वेळा करावे. एकदा रेघा पुसल्या याचा अर्थ कण सगळीकडे पोहोचले एवढाच असतो, खालच्या चिरा गेल्या असा नसतो. तळहातावर मावणाऱ्या तुकड्याला ४०० वर १५ मिनिटे, ६०० वर २० आणि १००० वर २० मिनिटे माझ्या हाताला लागतात. १००० नंतर कोरडा चेहरा नजरेच्या अगदी तिरप्या कोनात धरला, तर त्यात खिडकीची आकृती पुसट का होईना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पॉलिशकडे वळण्यात अर्थ नाही.

याच्याही आधीची एक क्रिया मी मुद्दाम वेगळी लिहितो, कारण ती लोक हमखास विसरतात. प्रत्येक टप्प्याच्या आरंभी चेहऱ्याची धार चहूबाजूंनी ४५ अंशांत किंचित मोडून घ्यावी, मिलिमीटरभर पट्टी पुरे. काचेची धार कोरी राहिली की घासताना तिच्यातून सूक्ष्म कपच्या उडतात, त्या पुडीत मिसळतात आणि तिच्याहून कितीतरी मोठ्या असल्यामुळे चेहऱ्यावर आडवेतिडवे ओरखडे काढतात. ६०० वर काम चालू असताना अचानक एक लांब ओरखडा उमटला तर दोष पुडीला देण्याआधी धार पाहावी. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा कारण तिथेच सापडले आहे.

घुमटाकार दगड मात्र सपाट काचेवर होत नाहीत, त्यासाठी आपली घासणचक्री लागेलच. तिच्यावर ऑब्सिडियनसाठी १८० पेक्षा जाड तबकडी लावू नये. नव्या तबकडीवर काही हिऱ्याचे कण इतरांपेक्षा उंच उभे असतात. आपल्याकडच्या टाकाऊ अकिकाचा तुकडा तिच्यावर आधी पंधरा-वीस मिनिटे घासून घेतला की ते मोडतात. इतरांना गुळगुळीत झाली म्हणून टाकून द्यावीशी वाटणारी तबकडी ऑब्सिडियनला उत्तम मानवते. ३२५ किंवा ६०० नंतर धातूच्या कडक तबकडीवरून राळेत बसवलेल्या हिऱ्याच्या मऊ पट्ट्यांवर किंवा गादीवर यावे आणि १२०० व ३००० पर्यंत जावे. पाणी सतत हवे, गती कमी हवी आणि दगड क्षणभरही एका जागी थांबता कामा नये. त्यापुढे १४,००० क्रमांकाच्या हिऱ्याच्या लेपापर्यंत जाण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. अकिकाच्या बाबतीत तो योग्यच आहे, पण काळ्या ऑब्सिडियनवर हिऱ्याचे बारीक ओरखडे शेवटपर्यंत रेंगाळतात, म्हणून ३००० नंतर मी सरळ सेरियमवर जातो.

सेरियम ऑक्साइड काचेला का मानवते, हे कळले की ते वापरायचे कसे हेही उमगते. ते नुसते घासत नाही. पाण्याच्या संगतीत काचेच्या पृष्ठभागावरील सिलिकेचे बंध सैल होतात आणि सेरियमचे कण त्या सैल झालेल्या थराशी रासायनिक सलगी करून तो अणूंच्या पातळीवर ओढून नेतात. म्हणून कोरडे सेरियम निरुपयोगी आणि फार पातळही निरुपयोगी. ते दुधाइतके पातळ कालवावे, कडक नमद्यावर किंवा लाकडी तबकडीला चिकटवलेल्या चामड्यावर ब्रशने लावावे आणि नमदा ओलसर होऊन जरासा सुकू लागेपर्यंत दगड त्यावर फिरवत राहावा. तो सुकू लागताना दगड हाताला किंचित खेचल्यासारखा लागतो. खरे काम त्या अर्ध्या मिनिटात होते. पण घर्षणाची उष्णताही तेव्हाच वाढते, म्हणून दगड उचलून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. कोमट लागला तर चालेल, गरम लागला तर थांबावे, आणि गरम दगडावर थंड पाणी कधीही ओतू नये. तो नमदा केवळ सेरियमसाठी राखावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा. त्यावर कार्बोरंडमचा एक कण पडला तरी तो नमदा बाद समजावा.

आपला सोनेरी तुकडा तडकला तो उष्णतेने. काच उष्णता फार हळू वाहून नेते, त्यामुळे वितळलेले मेण लागलेली बाजू प्रसरण पावते, दुसरी थंडच राहते आणि ताण असह्य झाला की तडा जातो. शिवाय नैसर्गिक काच कारखान्यातल्या काचेसारखी सावकाश, मोजूनमापून थंड केलेली नसते. काही तुकड्यांच्या पोटात थिजतानाचा ताण आधीच साठलेला असतो. यासाठी मी मेण वापरणेच सोडून दिले. सपाट डोक्याच्या खिळ्याला किंवा लाकडी काठीला दगड दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने चिकटवावा, रात्रभर ठेवावा आणि काम झाल्यावर काठीसह ॲसिटोनमध्ये बुडवून सावकाश सोडवावा. मेणच वापरायचे असेल तर दगड आणि मेण दोन्ही एकत्र, वीस-पंचवीस मिनिटे घेऊन, हळूहळू तापवावीत. दगड सुटावा म्हणून तो शीतकपाटात ठेवण्याची अकीकवाल्यांची युक्ती इथे करू नये.

उरलेल्या सोनेरी तुकड्यांसाठी थोडा धीर धरावा, कारण त्यांत दिशा चुकली तर सगळे श्रम वाया जातात. ती झाक रंगाची नाही. लाव्हा वाहताना त्यातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे ताणले जाऊन चपटे झाले आणि थराथराने गोठले. उजेड त्यांच्यावरून परतून येतो म्हणून सोने दिसते. चेहरा त्या थरांना समांतर घासला तर तो सबंध उजळतो, काटकोनात घासला तर हाती साधा काळा दगड येतो. तुकडा पाण्यात बुडवून, डोक्यावर एकच दिवा ठेवून, हळूहळू फिरवावा आणि झाक सर्वांत भरून दिसते त्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेने खूण करावी. ती खूण पाण्याने पुसली जात नाही. इंद्रधनुषी ऑब्सिडियन कधी मिळाला तर त्याहूनही सावध राहावे. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील अशा दगडांत हेडनबर्गाइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म काड्यांचे थर असतात आणि रंग थराच्या जाडीनुसार बदलत जातात. दोन-तीन दशांश मिलिमीटर जास्त घासले तर हिरवा पट्टा जाऊन जांभळा वर येतो, किंवा काहीच येत नाही. रंग मनाजोगा दिसला की २२० वर असतानाच पुढच्या टप्प्यांसाठी जाडी शिल्लक ठेवून थांबावे लागते, आणि हा अंदाज चार-सहा दगड गमावल्यावरच येतो.

आपल्या तपकिरी पट्ट्यांच्या तुकड्यांना इकडे महोगनी म्हणतात. त्यातील तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडचा आहे. ते काळ्यापेक्षा क्षमाशील असतात, म्हणून सराव त्यांच्यावर करावा. पांढऱ्या फुलांचा ‘स्नोफ्लेक’ आपल्याकडे नाही, तरी पुढे मिळालाच तर एवढे लक्षात ठेवावे की त्यातील फुले क्रिस्टोबलाइट या स्फटिकाची असतात आणि ती भोवतालच्या काचेहून कठीण असतात. मऊ नमदा काच खातो आणि फुले उंच सोडतो. तिथे कडक आधारावरचे चामडे आणि कमी वेळ, हाच उपाय.

काळजीबद्दल मी अधिक आग्रहाने लिहितो, कारण घरात लहान मुले असतील. ऑब्सिडियनच्या ताज्या कपचीची धार पोलादी पात्यापेक्षा बारीक असते आणि ती कापते तेव्हा दुखतही नाही. रक्त दिसल्यावर कळते. डोळ्यांना संरक्षक चष्मा प्रत्येक वेळी हवा, पायांत बंद चपला हव्यात, आणि कामाच्या जागेवरून केरसुणी फिरवण्याऐवजी घरात ग्लास फुटल्यावर आपण करतो तसे कणकेच्या ओल्या गोळ्याने फरशी टिपून घ्यावी आणि तो गोळा कागदात गुंडाळून टाकून द्यावा. हातमोजे कच्चे दगड हाताळताना घालावेत, फिरत्या चक्रीजवळ नाहीत. कोरडे घासणे पूर्ण वर्ज्य आहे. काचेची धूळ स्फटिकी सिलिकेइतकी घातक नसली तरी फुप्फुसात जायला नको, आणि स्नोफ्लेकमध्ये तर स्फटिकी सिलिका असतेच. उरलेला गाळ मोरीत ओतल्यास तो नळाच्या वळणात दगडासारखा बसतो. तो बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी काढावे आणि खालचा लगदा ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.

सह्याद्रीत हा दगड शोधू नये, असे मी सांगेन. आपला दख्खनचा खडक बेसाल्ट आहे. त्याच्या लाव्ह्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास होती, तो पातळ होता, दूरवर पसरला आणि त्यात स्फटिक सहज बनले. भेगांत शिरलेल्या बेसाल्टच्या कडेला कुठे कुठे काळ्या काचेची पातळ साय आढळते, पण ती घासण्याजोगी नसते. दुसरे कारण काळाचे आहे. काच ही कायमची अवस्था नव्हे; लाखो वर्षांत ती पाणी शोषते आणि हळूहळू तिच्यात स्फटिक वाढू लागतात. स्नोफ्लेकमधली फुले ही त्याच बदलाची सुरुवात. दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि जगात घासण्यासाठी मिळणारे चांगले ऑब्सिडियन बहुतेक त्याहून फार तरुण आहे. रस्त्याच्या कडेला किंवा जुन्या भट्ट्यांजवळ मिळणारे काळे, हिरवे काचेचे गोळे बहुधा धातूची मळी असतात. बाजारात ‘निळे ऑब्सिडियन’ म्हणून विकली जाणारी पारदर्शक, स्वच्छ निळी वस्तू कारखान्यातली काच समजून चालावे. सेरियमचा सराव करायला तीही वाईट नाही.

आपल्या मुलाने हे तुकडे बहुधा ग्लास ब्यूट्स या डोंगरांवरून आणले असावेत. बेंड आणि बर्न्स या गावांना जोडणाऱ्या महामार्ग २० च्या दक्षिणेला ते आहेत. सकाळच्या उन्हात तिथली जमीन अक्षरशः लकाकते, आणि तीच लकाकणारी जमीन गाडीचे टायर फाडते, म्हणून एकाऐवजी दोन जास्तीची चाके नेणारे बरेच असतात. तिथल्या सरकारी जमिनीवर खासगी छंदासाठी वेचण्यास मुभा आहे, मात्र काही भागांवर इतरांचे हक्क आहेत आणि प्रमाणाची मर्यादाही असते. ती त्यांनी निघण्यापूर्वी भूव्यवस्थापन कार्यालयाला विचारून घ्यावी. बेंडच्या दक्षिणेकडील न्यूबेरी ज्वालामुखीवर सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचा ऑब्सिडियनचा प्रचंड ओघ आहे. तो संरक्षित आहे, तिथून खडाही उचलता येत नाही. कुठेही घडवलेले पाते किंवा बाणाचे टोक दिसले तर ते जागच्या जागी राहू द्यावे. सरकारी जमिनीवरील अशा पुरातन वस्तू उचलण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे आहे.

तुर्कस्तानातील चाताल्ह्योयुक येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे ऑब्सिडियनचे आरसे सापडले आहेत, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन डी या १६ व्या शतकातील इंग्रज विद्वानाच्या नावाने ओळखला जाणारा आरसा आहे, ज्याची काच मेक्सिकोतील पाचुकाची असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीने दाखवले. ते घडवणाऱ्यांकडे हिऱ्याची तबकडी नव्हती. दगड, पाणी, बारीक होत जाणारी भुकटी आणि पुष्कळ वेळ एवढ्यावर त्यांनी चेहरा दिसेल अशी काच घडवली. नवी पूड कोणती घेऊ, या प्रश्नावर मला हेच आरसे आठवतात.

म्हणून आता असे करावे. दुधी झालेल्या तुकड्यांपैकी एक महोगनी तुकडा निवडावा, बाकीचे डब्यात ठेवून द्यावेत. त्याची एक बाजू २२० च्या सुट्या पुडीने सपाट करावी. पांढुरका थर गेला तरी थांबू नये. काठांवरची शेवटची चंद्रकोर भिंगाखाली दिसेनाशी होईपर्यंत आणि त्यानंतरही दहा मिनिटे घासावे. मग वर सांगितलेल्या क्रमाने १००० पर्यंत यावे आणि आपल्याकडच्याच सेरियमने पॉलिश करावे. एका संध्याकाळी एकच टप्पा करावा, म्हणजे पुडी मिसळण्याची भीती राहत नाही. पॉलिश झाल्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब चेहऱ्यावर पाहावे. त्याची कड सरळ आणि तीक्ष्ण दिसली तर काम झाले. कड लहरी दिसली तर नमदा फार मऊ आहे. कड तीक्ष्ण पण भोवती धुके असेल तर ६०० वर परत जावे. त्यातूनही अडचण आली तर ६०० नंतरच्या, पूर्ण कोरड्या चेहऱ्याचे तिरप्या उजेडातले छायाचित्र मला पाठवावे. पॉलिश झालेल्या दगडाच्या छायाचित्रापेक्षा त्यातून मला अधिक सांगता येईल.